रंगीत पट्टा न बघता: स्क्रीन रीडर वापरून डिस्कचं पार्टिशन लहान-मोठं कसं करतात?

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांना एक विचित्र अनुभव आला. ९ तारखेला मायक्रोसॉफ्टने केबी ५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट दिलं आणि कित्येक कॉम्प्युटरवर ते बसेचना. दर वेळी तोच एरर कोड, ०एक्स८००७०६४३. कारण निघालं भलतंच. डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेलं रिकव्हरी पार्टिशन या अपडेटला पुरेल एवढं मोठं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय असा होता: सी ड्राइव्ह २५० एमबीने लहान करा, रिकव्हरी पार्टिशन काढून टाका आणि ते मोठं करून पुन्हा बनवा. हे सगळं कमांड टाइप करून, हातानेच. अपडेटमधून आपोआप होणारी दुरुस्ती मिळणार नाही, हेही कंपनीने काही महिन्यांनी सांगून टाकलं. ज्यांनी आयुष्यात कधी 'पार्टिशन' हा शब्द ऐकला नव्हता, त्यांच्यापुढेही काळी खिडकी आणि इंग्रजी कमांड येऊन उभ्या राहिल्या.

डोळस लोक एरवी हे काम वेगळ्या पद्धतीने करतात. पडद्यावर डिस्कचा एक आडवा पट्टा दिसतो, त्यात निळे-काळे कप्पे असतात, कप्प्यावर माऊसने राइट क्लिक केलं की झालं. ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांना हा पट्टा काही सांगत नाही. केबी ५०३४४४१ च्या निमित्ताने मात्र दोघेही एकाच पातळीवर आले, कारण सगळं काम अक्षरांचं होतं. आणि अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येतात.

हे करायची वेळ का येते?

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले कप्पे. घर एक, खोल्या वेगळ्या. भारतात बरेच जण कॉम्प्युटर घेतल्यावर दुकानदाराकडून सी, डी, ई असे तीन भाग करून घेतात. सी मध्ये विंडोज, डी मध्ये कामाच्या फाइली, ई मध्ये गाणी-सिनेमे. काही वर्षांनी १०० जीबीचा सी काठोकाठ भरतो आणि ई अर्धा रिकामा पडून राहतो. नवीन लॅपटॉपची अडचण उलटी असते. त्यात एकच सी येतो, आणि त्यातून कामासाठी वेगळा डी काढायचा असतो.

दृष्टिहीन व्यक्तीपुढचा सोपा रस्ता म्हणजे लॅपटॉप दुकानात नेऊन देणं. तिथे बऱ्याचदा 'सगळं नवीन टाकून देतो' असं म्हणून डिस्क पुसली जाते. त्यात फाइली जातातच, पण स्क्रीन रीडरही जातो. त्याच्या वर्षानुवर्षं बसवलेल्या सेटिंग, आवाज, शब्दकोश, सगळं जातं. घरी आणलेला लॅपटॉप मुका असतो. शिवाय नेटबँकिंगपासून वैद्यकीय रिपोर्टपर्यंत सगळं ज्या मशीनवर आहे, ते दोन दिवस परक्या हातात राहतं. हे काम स्वतः करता येणं ही म्हणूनच नुसती हौस नसते.

एक गोष्ट आधी तपासावी: खरंच पार्टिशन बदलायची गरज आहे का? सी फक्त भरत आला असेल, तर डाऊनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' नावाचा टॅब असतो, तिथे 'मूव्ह' हे बटण आहे. ते पूर्णपणे कीबोर्डवर चालतं. अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं आणि डिस्कला हात लावावा लागत नाही.

स्क्रीन रीडर कोणते?

विंडोजवर तीन नावं ऐकू येतात. जॉज हा सर्वांत जुना. मोटरसायकल शर्यतीत भाग घेणाऱ्या टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मध्ये अपघातात गेली. पुढे त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज आणला. तो विकत घ्यावा लागतो. एनव्हीडीए फुकट आणि मुक्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला. करन स्वतः दृष्टिहीन आहेत. यातला ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. तिसरा नॅरेटर, तो विंडोजमध्येच असतो आणि विंडोज, कंट्रोल व एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की बोलू लागतो.

पुढची माहिती मुख्यतः एनव्हीडीएला धरून आहे. एक खबरदारी आधीच. पेनड्राइव्हवरून चालणारा पोर्टेबल एनव्हीडीए इथे पुरत नाही. डिस्कला हात लावण्याआधी विंडोज परवानगी मागतं, ती खिडकी सुरक्षित पडद्यावर उघडते आणि पोर्टेबल कॉपी तिथे गप्प होते. मशीनवर नीट इन्स्टॉल केलेला एनव्हीडीए मात्र ती वाचतो.

पट्ट्यातली माहिती यादीत नसते

विंडोजमधलं नेहमीचं साधन म्हणजे डिस्क मॅनेजमेंट. विंडोज आणि एक्स या कळा दाबल्यावर येणाऱ्या मेनूत ते मिळतं. खिडकीचे दोन भाग असतात. वर व्हॉल्यूमची यादी, खाली तो रंगीत पट्टा. वरची यादी स्क्रीन रीडर छान वाचतो. बाण दाबत गेलं की नाव, फाइल सिस्टिम, स्थिती, एकूण जागा, मोकळी जागा असं ओळीने ऐकू येतं. ज्या पार्टिशनला अक्षर नाही ते 'डिस्क शून्य पार्टिशन चार' अशा नावाने येतं.

इथवर सगळं ठीक वाटतं, आणि नेमकी इथेच फसगत होते. यादी नावानुसार लावलेली असते. डिस्कवर कोण कोणाच्या शेजारी आहे ते त्यातून कळत नाही. यादीत सी च्या खाली डी ऐकू आला म्हणजे डिस्कवरही सी ला लागून डी असेल असं नाही. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असू शकतं. शिवाय कोणालाच न दिलेली मोकळी जागा, जिला 'अनअलोकेटेड' म्हणतात, ती या यादीत येतच नाही. ती फक्त पट्ट्यात दिसते.

आणि विंडोजचा नियम असा आहे की एखादं पार्टिशन मोठं करायचं तर मोकळी जागा त्याच्या अगदी लगेच पुढे हवी. एक खोली सोडून पलीकडे असलेली जागा चालत नाही. डोळस माणसाला हे एका नजरेत कळतं. ऐकणाऱ्याला मात्र यादी ऐकूनही कळत नाही, आणि मेनूत 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुढे 'अनअव्हेलेबल' का ऐकू येतंय याचा उलगडा होत नाही.

यावर एक अर्धा उपाय डिस्क मॅनेजमेंटमध्येच आहे. 'व्ह्यू' मेनूत 'टॉप' आणि 'बॉटम' असे दोन उपमेनू आहेत. खालच्या भागात 'ग्राफिकल व्ह्यू' ऐवजी 'डिस्क लिस्ट' निवडली की पट्ट्याच्या जागी साधी यादी येते. त्यात प्रत्येक डिस्कवर किती जागा अनअलोकेटेड आहे याचा वेगळा रकाना असतो. जागा आहे की नाही ते कळतं. ती कुठे आहे ते मात्र इथेही नाही.

शेजार कळायला काळ्या खिडकीत जावं लागतं. डिस्कपार्ट हा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा. 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क ०', मग 'लिस्ट पार्टिशन'. (इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात.) उत्तरात शेवटचा रकाना असतो 'ऑफसेट'. म्हणजे डिस्कच्या सुरुवातीपासून हे पार्टिशन किती अंतरावर सुरू होतं. समजा असं ऐकू आलं: पार्टिशन ३, प्रायमरी, २३७ जीबी, ऑफसेट ११७ एमबी. मग पार्टिशन ४, रिकव्हरी, ७०० एमबी, ऑफसेट २३७ जीबी. याचा अर्थ सी संपतो तिथेच रिकव्हरी सुरू होतं. रिकव्हरीच्या पलीकडे कितीही जागा मोकळी असली तरी सी ला ती घेता येणार नाही. आकार आणि ऑफसेट यांची बेरीज करत गेलं की पट्ट्यातलं सगळं चित्र कानाने उभं राहतं. पुढच्या पार्टिशनचा ऑफसेट बेरजेपेक्षा बराच मोठा असेल, तर मधली जागा मोकळी आहे.

हे ओझरतं ऐकून जमत नाही. न्यूमपॅडवरच्या ७, ८, ९ या कळांनी मागची, चालू आणि पुढची ओळ वाचता येते. ८ दोनदा दाबली की ओळीतली अक्षरं एकेक करून ऐकू येतात. त्याहून सोपं म्हणजे उत्तर फाइलमध्ये घेणं. नोटपॅडमध्ये वरच्या कमांड ओळीने लिहून फाइल जपून ठेवायची, मग डिस्कपार्टला '/एस' लावून ती फाइल द्यायची आणि '>' चिन्हापुढे नव्या फाइलचं नाव द्यायचं. ती नवी फाइल नोटपॅडमध्ये उघडून निवांत, हवी तितक्यांदा वाचता येते. इथे कमांड फक्त यादी वाचणाऱ्याच असाव्यात, बदल करणारी एकही नको.

सी, डी, ई, जी: सगळे सारखेच ऐकू येतात

ड्राइव्हची अक्षरं वाचताना नजरेचा घोटाळा सहसा होत नाही. ऐकताना होतो. सी, डी, ई, जी सगळ्यांचा शेवट 'ई' कारानेच होतो आणि आवाजाचा वेग वाढवलेला असेल तर फरक कळत नाही. एनव्हीडीएमध्ये न्यूमपॅडवरची २ ही कळ दोनदा दाबली की अक्षर 'चार्ली', 'डेल्टा', 'एको' असं ऐकू येतं. प्रत्येक निर्णायक एंटरच्या आधी हे करणं कंटाळवाणं असलं तरी ते करावंच. आवाज मराठी असेल तर आकड्यांचाही हाच प्रश्न आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर भरभर ऐकले तर घात होऊ शकतो. आकडे सुटे करून ऐकलेले बरे.

व्हॉल्यूमला दिलेलं नावही कामाला येतं. 'न्यू व्हॉल्यूम' असं तीन ड्राइव्हचं नाव असेल तर ऐकून ओळखायचं कसं? आधीच प्रत्येकाला वेगळं, लांबूनही ओळखू येणारं नाव द्यावं. ते देवनागरीत ठेवलं आणि स्क्रीन रीडरचा आवाज फक्त इंग्रजी जाणणारा असला, तर नाव ऐकूच येत नाही किंवा भलतंच ऐकू येतं. त्यामुळे ड्राइव्हचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं सोयीचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काम सुरू करण्याआधी बाहेरची सगळी डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड काढून टाकायची. बॅकअप ज्या डिस्कवर घेतला तीसुद्धा. 'लिस्ट डिस्क' म्हटल्यावर एकच ओळ ऐकू यायला हवी (मशीनमध्येच दोन डिस्क असतील तर दोन). कारण डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' ही कमांड आहे. ती निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवते आणि 'नक्की का?' असं विचारत नाही. 'डिलीट पार्टिशन' सुद्धा विचारत नाही. डिस्क ० की डिस्क १ एवढ्या एका आकड्याच्या फरकाने बॅकअप पुसला गेला तर दाद कोणाकडे मागणार?

लहान करणं

डिस्क मॅनेजमेंटमध्ये यादीतल्या व्हॉल्यूमवर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की मेनू उघडतो. त्यात 'फॉरमॅट', 'एक्स्टेंड व्हॉल्यूम', 'श्रिंक व्हॉल्यूम', 'डिलीट व्हॉल्यूम' ही मंडळी जवळजवळ बसलेली आहेत. हवं ते आणि सगळं घालवणारं यांत एका-दोन बाणांचं अंतर. विंडोज चालू आहे त्या सी वर फॉरमॅट आणि डिलीट बंद असतात, डी वर मात्र चालू. पुसण्याआधी एकदा विचारलं जातं हे खरं, पण संवादखिडकीत न ऐकता एंटर मारायची सवय असलेल्यांनी त्या प्रश्नावर विसंबू नये.

'श्रिंक' निवडल्यावर विंडोज जागा मोजतं. तेवढा वेळ शांतता असते. इथे काही होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा एंटर दाबायचा मोह टाळावा. मग चार ओळींची खिडकी येते: आधीचा आकार, कमी करता येण्याजोगी जागा, किती कमी करायचं, आणि नंतरचा आकार. तिसऱ्या रकान्यात विंडोजने जास्तीत जास्त आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. तो पुसून आपला लिहायचा. आकडा एमबीमध्ये हवा आणि एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. ५० जीबी कमी करायचे तर ५१२००.

आता खरी गंमत. हेच काम विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्येही करता येतं: सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स. व्हॉल्यूमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'चेंज साइझ' बटण आहे. २०२० मध्ये हे पान विंडोजच्या चाचणी आवृत्तीत पहिल्यांदा आलं तेव्हा ते मुळापासून ॲक्सेसिबिलिटी डोळ्यांपुढे ठेवून बनवल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलं होतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने आधी इथेच जावं, हे उत्तम. पण इथे विचारलं जातं ते 'नवा आकार किती हवा'. डिस्क मॅनेजमेंट विचारतं 'किती कमी करू'. प्रश्न वेगळा, आकडा वेगळा.

समजा ३०० जीबीच्या डी मधून ५० जीबी काढायचे आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ५१२०० लिहायचं. सेटिंग्जमध्ये २५० जीबीचे २५६००० लिहायचे. कोणी सवयीने तिथेही ५१२०० लिहिलं आणि डी मध्ये फारसं काही नसेल, तर डी निमूटपणे ५० जीबीचा होऊन बसेल. डिस्कपार्टमध्ये 'श्रिंक डिझायर्ड=५१२००' म्हणजे पुन्हा 'किती कमी'. पॉवरशेलच्या 'रिसाइझ-पार्टिशन' मध्ये 'साइझ' म्हणजे पुन्हा 'शेवटी किती हवा'. एकाच कंपनीची चार साधनं आणि दोन उलटे रिवाज. डोळस लोकही इथे अडखळतात, पण त्यांना खाली नंतरचा आकार दिसत असतो. ऐकणाऱ्याने टॅब दाबून तो मुद्दाम ऐकायला हवा.

दिलासा एवढाच की नुसतं लहान करण्यातली चूक सुधारता येते. जास्त कापलं गेलं तर सुटलेली जागा त्याच व्हॉल्यूमला लागून असते. लगेच 'एक्स्टेंड' करून ती परत घेता येते, मध्ये दुसरं काही बनवलेलं नसेल तर.

मोकळी जागा आहे, तरी लहान होत नाही

सी मध्ये १०० जीबी रिकामे आहेत आणि विंडोज म्हणतंय फक्त ८ जीबीच कमी करता येतील. हा अनुभव सर्रास येतो. व्हॉल्यूम लहान होतो तो शेपटीकडून. शेपटीत एखादी न हलवता येणारी फाइल बसली असेल तर कात्री तिथेच थांबते. बहुतेक वेळा ती हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोरच्या नोंदी असतात. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' या कमांडने हायबरनेशन बंद होतं आणि फाइल नाहीशी होते. रिस्टोर आणि पेजफाइलही तात्पुरती बंद करता येते. काम झालं की पुन्हा चालू करायला विसरू नये. नेमकी कोणती फाइल आडवी आली, हे विंडोज लिहूनही ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधायची, तिच्यात फाइलचं नाव असतं. तीही यादीच, त्यामुळे स्क्रीन रीडरला वाचायला अडचण नाही.

डी लहान केला, तरी सी मोठा होत नाही

या कामातली सर्वांत जास्त लोकांना चकवणारी गोष्ट हीच. सी भरला म्हणून डी मधून ५० जीबी कापले. आता सी वर गेलं तर 'एक्स्टेंड' अनअव्हेलेबल. का? डी शेपटीकडून लहान झाला. मोकळी जागा डी च्या पलीकडे गेली आणि सी व ती जागा यांच्यात डी तसाच उभा आहे. डी ची सुरुवात पुढे सरकवण्याची सोय विंडोजच्या कुठल्याच साधनात नाही.

विंडोजच्या साधनांनी करायचं तर एकच मार्ग आहे. डी मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं, त्यातल्या चार-पाच फाइली उघडून खात्री करायची, ती डिस्क काढून ठेवायची, डी डिलीट करायचा, सी ला हवं तेवढं वाढवायचं आणि उरलेल्या जागेत नवा डी करून फाइली परत आणायच्या. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर ते आणखी एक प्रकरण. ते काढून पुन्हा करावं लागतं आणि तिथे ३२ आकडे-अक्षरांचा ओळखक्रमांक द्यावा लागतो. तो ऐकून टाइप करायच्या फंदात पडू नये. मायक्रोसॉफ्टच्या पानावरून कॉपी करून चिकटवावा.

दुसरा मार्ग बाहेरच्या सॉफ्टवेअरचा. पार्टिशन सरकवून देणारी अशी बरीच आहेत. पण अनेकांची मांडणी पट्टा ओढण्याभोवतीच असते, आणि स्क्रीन रीडरला कप्पे, बटणं काही सापडत नाहीत. एनव्हीडीए आणि आर या कळा दाबून विंडोजच्या ओसीआरने खिडकीतली अक्षरं वाचता येतात, पण पट्टा ओढता येत नाही. ज्यात आकडा लिहायला रकाना आहे तेच निवडावं.

जेव्हा आवाज जातो

या सॉफ्टवेअरचा खरा धोका दुसराच आहे. सी ला हात लावायचा असेल तर काही वेळा ती कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी काम करतात. तिथे एनव्हीडीए नाही, जॉज नाही. मोठी डिस्क असेल तर तासन्‌तास नुसती शांतता. काम चालू आहे, संपलं की एरर येऊन थांबलंय? घाबरून पॉवरचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी फाइली हलवल्या जात असतील, तर सगळंच गेलं.

म्हणून या टप्प्यावर डोळे उसने घ्यावे लागतात, आणि त्याची तजवीज आधी करून ठेवावी. घरातलं कोणी, शेजारी, किंवा फोन. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'बी माय आइज' हे ॲप २०१५ पासून दृष्टिहीनांना स्वयंसेवकांशी व्हिडिओवर जोडतं. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला की पलीकडचा माणूस टक्केवारी वाचून सांगतो. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा. लोडशेडिंगच्या वेळा माहीत असतील तर त्या टाळून हे काम घ्यावं.

बिटलॉकर चालू असेल तर आणखी एक तयारी हवी. बूटशी संबंधित काही बदललं की विंडोज कधीकधी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. त्या पडद्यावरही एनव्हीडीए चालत नाही. ही की आधीच शोधून फोनमध्ये किंवा ब्रेलमध्ये जवळ ठेवावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर 'सस्पेंड' करावा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर पार्टिशन आणि त्यातली फाइल सिस्टिम या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून हाताळाव्या लागतात आणि क्रम चुकला तर माफी नाही. लहान करताना आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन. मोठं करताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. ईएक्सटी४ लहान करायची तर ती अनमाउंट करावी लागते, म्हणून काम लाइव्ह यूएसबीवरून होतं. उबंटूच्या लाइव्ह सत्रात सुपर, ऑल्ट आणि एस दाबलं की ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर बूट मेनूवर नुसतं एस आणि एंटर दाबलं की पुढचं सगळं आवाजावर चालतं. आकड्यांचा तिसराच रिवाज इथे भेटतो. पार्टेडची 'रिसाइझपार्ट' कमांड आकार विचारत नाही, पार्टिशन डिस्कवर कुठे संपावं ते विचारते. वर सांगितलेली ऑफसेटची बेरीज इथे पुन्हा करावी लागते.

मॅकवर व्हॉइसओव्हर २००५ पासून आहे आणि कमांड व एफ५ दाबून रिकव्हरीतही सुरू होतो, ही विंडोजला हेवा वाटावा अशी गोष्ट. डिस्क युटिलिटी पार्टिशनं गोल चकतीत दाखवते, पण शेजारी आकार लिहायला रकाना असतो. अर्थात २०१७ पासून आलेल्या एपीएफएसमध्ये एकाच कंटेनरमधले व्हॉल्यूम मोकळी जागा वाटून घेतात. त्यामुळे वेगळा कप्पा हवा असेल तर नवा व्हॉल्यूम जोडला की पुरतं, आकार बदलायचा प्रश्नच बहुधा येत नाही.

झाल्यावर

विंडोजवर काम संपलं की पुन्हा 'लिस्ट पार्टिशन' ऐकून बेरीज जुळते का बघावं. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते आणि १ टीबीची ९३१. ही जागा कोणी खाल्लेली नसते. कंपन्या हजारात मोजतात आणि विंडोज १०२४ मध्ये, एवढाच तो फरक. नंतर एकदा रीस्टार्ट करून स्क्रीन रीडर बोलतो का ते ऐकावं, बिटलॉकर पुन्हा चालू करावा, हायबरनेशन हवं असेल तर 'पॉवरसीएफजी /एच ऑन'. रिकव्हरी पार्टिशनला हात लागला असेल तर 'रीएजंटसी /इन्फो' ही कमांड द्यावी. उत्तरात 'एनेबल्ड' ऐकू आलं की बॅकअपची डिस्क पुन्हा लावायला हरकत नाही. जुना बॅकअप मात्र आठवडाभर तरी पुसू नये.